पायाळूची कंबर

द्राक्षबागा आपली तहान स्वतःच ऑफिसला कळवू लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. वेलीच्या खोडात सुईएवढा सेन्सर बसवलेला असे, तो रसाचा दाब मोजे आणि तासगावच्या द्राक्ष संघाच्या ऑफिसात पडद्यावर रेघ उमटे. इतकं सगळं पुढं गेलं होतं, पण कुणाच्या कंबरेत उसण भरली की तासगावात अजूनही दोनच पत्ते सांगितले जात. एक हाडांच्या डॉक्टरांचा आणि दुसरा वृंदा कदमच्या घराचा. डॉक्टरांकडे नंबर लावावा लागे. वृंदाकडे फक्त सकाळी लवकर, अनशापोटी जायचं. म्हणून लोक आधी वृंदाकडे जात आणि गुण नाही आला तर डॉक्टरांकडे. डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची स्वतःची कंबर लचकली तेव्हा तेही आधी वृंदाकडेच आले होते, फक्त मागच्या दारानं.

वृंदा पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले आणि मग डोकं. पायाळू माणसानं कंबरेला पाय लावला की उसण उतरते हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं, आणि चारचौघांत विचारलं तर कुणीच मानत नाही. येणारा ओसरीवर पालथा झोपे. वृंदा भिंतीचा आधार घेऊन डावा पाय त्याच्या कंबरेवरून तीनदा हलकेच फिरवी, तोंडानं एक अक्षर न बोलता. झालं. माणूस उठे, इकडंतिकडं वळून बघे आणि बऱ्याचदा हसत घरी जाई.

अलीकडं गर्दी वाढली होती, कारण पायाळू माणसंच संपत आली होती. मूल पायाकडून आहे म्हटलं की डॉक्टर सरळ सिझेरियन करत. खुद्द वृंदाची मुलगी ईश्वरी तशीच झाली होती. ती पुण्याला शिकायला गेली, त्याआधी एकदा कुणीतरी विचारलं होतं, की पोरगी पायाळू धरायची का नाही? वृंदाची आई शालनबाई तिथल्या तिथं म्हणाली होती, “न्हाई. ती खिडकीतनं आलीया, दारातनं न्हाई.” त्यावर कुणी अपील केलं नाही.

शालनबाई विधवा झाल्यापासून एकुलत्या एका लेकीकडेच राहत होती, आणि ओसरीवरचा कारभार तिच्याच हाती होता. कुणी आधी झोपायचं, कुणी थांबायचं ते ती ठरवी. थांबलेल्यांना ती वृंदाच्या जन्माची कहाणी सांगे. कवठेमहांकाळकडच्या एका वस्तीवर, रस्ता नाही, जीप नाही, आणि पोर पायाकडून. सुईण रडायला लागली होती. “मरता मरता वाचले,” शालनबाई सांगे, “पर देवानं पायाळू दिली. फुकट न्हाई गेलं माजं सोसणं.” आणि शेवटी हटकून एक वाक्य येई: “पायाळूवर वीज पडंल एकवेळ, पर पायाळूची कंबर कधी दुखायची न्हाई.” सगळे माना डोलावत.

इथंच सगळी पंचाईत होती. वृंदाची कंबर दुखत होती.

ईश्वरी शाळेत असताना एकदा बेदाण्याचं खोकं उचलताना तिच्या कंबरेत कळ गेली, ती परत यायला काही विसरली नाही. सकाळी उठताना कंबर फळीसारखी ताठ. द्राक्ष संघाच्या ऑफिसात ती वेलींच्या रेघा बघायचं काम करी, तिथं पडद्यासमोर बसून दुपार झाली की आतून कुणीतरी पिळा घालायला लागे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नमस्कार. वडीलधाऱ्या माणसाला पाय लावणं पाप, म्हणून पाय लावून झाला की त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, ही रीत. आता कंबर धरून येणाऱ्यांत निम्मे म्हातारेच असायचे. एकेकाची कंबर मोकळी करताना वृंदाची वाकून वाकून आवळत जाई. कुडत्याखाली ती पट्टा बांधी आणि गोळ्यांचं पाकीट ऑफिसच्या खणात ठेवी. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच. आईनं ज्याच्यासाठी जिवावरचं दुखणं सोसलं, तेच खोटं ठरलं असतं.

लपवलेलं दुखणं दुसऱ्या वाटेनं बाहेर पडतंच. नवऱ्याच्या, संग्रामच्या मोटारसायकलवर मागं बसायचं तिनं सोडून दिलं. खड्डा आला की जीव जाई. ‘ऊन लागतं,’ असं ती सांगे. मऊ गादीवर झोपवेना म्हणून ती खाली सतरंजीवर झोपू लागली. ‘पंख्याचा वारा सोसत नाही,’ असं सांगे. लग्नकार्यात जायचं म्हटलं की तिला ऑफिसात काम निघे. संग्राम बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर. खोलीच्या तपमानात पाव अंशाचा फरक पडला तरी त्याला कळे, पण बायकोला काय झालंय ते कळत नव्हतं. त्यानं आपल्या परीनं हिशेब मांडला, की हिला आपला कंटाळा आलाय. तसं त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. जेवताना मोबाईल बघायला लागला, एवढंच.

शेवटी एके दिवशी ऑफिसच्या खुर्चीतून वृंदाला उठता येईना, तेव्हा तिनं ठरवलं की पुरे झालं. घरी ‘मिरजेत ट्रेनिंग आहे’ म्हणून सांगितलं आणि ती तिथल्या एका हॉस्पिटलच्या वेदना विभागात जाऊन बसली.

डॉक्टर समीना मुजावर तिच्याच वयाच्या होत्या. एमआरआय बघून त्या म्हणाल्या की खालच्या दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलीय खरी, पण एवढी चकती या वयाच्या कितीतरी माणसांची बाहेर आलेली असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. फोटोत मणका दिसतो, दुखणं दिसत नाही. म्हणून आजवर डॉक्टर पेशंटला विचारत, एक ते दहामध्ये किती दुखतं? सोशिक माणूस तीन सांगे, घाबरट नऊ सांगे, आणि दोघांवरही धड विश्वास बसत नसे. आता वेदनालेख आला होता.

वेदनालेख म्हणजे पाठीला चिकटवायचा एक पातळ पट्टा आणि कानामागं लावायची टिकली. पट्टा कंबरेच्या मज्जातंतूंवरून वर जाणारे विजेचे बारीक संदेश टिपतो. टिकली मेंदूच्या देठाशी काय चाललंय ते टिपते. पडद्यावर दोन रेघा उमटतात. तांबडी रेघ कंबरेकडून येणाऱ्या संदेशांची, तिला हॉस्पिटलात ‘हाक’ म्हणत. निळी रेघ मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांची, ती ‘लगाम’. कारण दुखणं नुसतं खालून वर जात नाही, डॉक्टर सांगत होत्या. मेंदू खाली निरोप धाडतो, की हे महत्त्वाचं आहे, येऊ दे. किंवा हे काही नाही, दाबून टाक. खेळताना गुडघा फुटलेलं पोर घरी येऊन रक्त बघेपर्यंत रडत नाही, तो हा लगाम.

वृंदाला पट्टा लावून त्यांनी तिला उठायला, बसायला, वाकायला सांगितलं. तांबडी रेघ डोंगरासारखी चढली. निळी खाली पडूनच राहिली. वृंदानं आयुष्यभर रेघाच बघितल्या होत्या. ती पडद्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली की आमच्याकडे काही सेन्सर असे होतात. मुळाशी भरपूर ओल असते, तरी सेन्सर तहान तहान म्हणून बोंबलत असतो. वेल ठणठणीत असते, सेन्सरच हळवा झालेला असतो.

डॉक्टर मुजावर हसल्या. म्हणाल्या, “हे मला पेशंटला समजवायला अर्धा तास लागतो. तुम्हीच येऊन बसा इथं.”

वृंदाला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखणं खरं होतं. ती रेघ कुणीही बघू शकत होतं. आपण नाटकी नाही, आळशी नाही, ही एवढी गोष्ट कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की क्षणभर कंबरेचा विसर पडला.

मग उपायांचं बोलणं झालं. पहिला, मणके स्क्रूनं जखडून टाकायचे. ते डॉक्टरांनी स्वतःच बाजूला ठेवलं. पायातलं बळ गेलं असतं, बधिरपणा आला असता, लघवीवरचा ताबा सुटला असता तर गोष्ट वेगळी होती, त्यात थांबायचं नसतं. वृंदाला यातलं काही नव्हतं. दुसरा उपाय ‘शांतक’. चिंचोक्याएवढं यंत्र मज्जातंतूच्या मुळाशी बसवायचं. हाक उठली की ते ती तिथंच विझवतं. एका दिवसात घरी. तिसरा उपाय सगळ्यात कंटाळवाणा. रोज वेदनालेख लावून थोडं चालायचं, थोडं वाकायचं, हळूहळू वाढवत न्यायचं आणि मेंदूला पुन्हा लगाम ओढायला शिकवायचं. महिनोन् महिने लागतात. पुष्कळांना गुण येतो, सगळ्यांना नाही.

वृंदानं एका श्वासात शांतक मागितला. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की कुणाला कळणार नाही म्हणून.

डॉक्टरांनी सांगितलं की शांतक हाक बंद करतो, पण लगाम आहे तसाच लुळा राहतो. पुढं पुढं शांतकाचा जोर वाढवत न्यावा लागतो. ज्यांचा मज्जातंतूच जायबंदी झालाय त्यांना तो वरदान आहे, तुमच्यासारखीला मी आधी तिसरा सुचवेन. पण तिसरा चोरून जमत नाही. घरच्यांना माहीत असावं लागतं, कारण सारखं लपवणारं शरीर सारखं आखडलेलं असतं आणि आखडलेल्या शरीरात लगाम शिकत नाही. “निर्णय तुमचा,” त्या म्हणाल्या. “दोन आठवडे पट्टा लावून घरी वावरा. मग आपण ठरवू.”

वृंदानं तिथल्या तिथं मनात ठरवून टाकलं होतं. पट्टा कुडत्याखाली, टिकली केसांखाली, आणि दोन आठवड्यांनी शांतक.

पट्ट्याला मोबाईल जोडलेला होता. त्यात एक सोय होती, की हाक फार चढली तर फोन पेशंटला सावध करे. हा आवाज बंद करता येतो असं नर्सनं सांगितलं होतं. वृंदानं मान हलवली होती आणि विसरली होती.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ओसरीवर सात-आठ माणसं होती. पवार गुरुजी पालथे झोपले होते. त्यांनी अर्ध्या तासगावाला पाढे शिकवले होते, वृंदालाही. संग्राम चहा घेत कट्ट्यावर बसला होता. शालनबाईची कहाणी सुइणीच्या रडण्यापर्यंत आली होती. वृंदानं तीनदा पाय फिरवला. गुरुजी उठून बसले, कंबर हलवून बघितली आणि ‘वा’ म्हणाले. वृंदा त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली आणि तिथंच अडकली. ना खाली, ना वर.

आणि कोनाड्यात ठेवलेला फोन गोड, स्वच्छ आवाजात बोलला, “वृंदाताई, तुमच्या कंबरेत तीव्र वेदना आहे. कृपया घाबरू नका. सावकाश बसा.”

फोन शहाणा होता. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं तेच पुन्हा एकदा सांगितलं.

पवार गुरुजींना कमी ऐकू येई. त्यांनी विचारलं, “कुणाच्या कंबरेत?”

संग्राम कप ठेवून धावला, तिला धरून त्यानं खाली बसवलं आणि बसवताना त्याच्या हाताला कुडत्याखालचा पट्टा लागला. शालनबाई उठली, “त्या डबड्याला काय कळतंय,” म्हणाली आणि आत निघून गेली. बाकीचे एकेक करून चपला शोधायला लागले. एकजण जाता जाता दुसऱ्याच्या कानाशी म्हणाला की वैद्यालाच खोकला म्हणजे अवघड आहे. तो हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आतल्या खोलीत संग्रामनं तिला सतरंजीवर आडवं केलं आणि फोन हातात घेऊन रेघा बघितल्या. पट्टा रात्रंदिवस चालू होता. कुठं डोंगर, कुठं टेकाड. रात्री कूस बदलताना चढलेली हाक, सकाळी उठताना चढलेली हाक. तो एकेक बघत राहिला. मग त्यानं विचारलं की किती वर्षं? तिनं सांगितलं. त्यानं विचारलं की मग गाडीवर बसत नव्हतीस ते? तिनं मान हलवली. खाली झोपायचीस ते?

“मला वाटलं, तुला माझा वीट आलाय,” संग्राम म्हणाला.

वृंदानं त्याच्याकडे बघितलं. एवढी वर्षं याला असं वाटत होतं, आणि हा बाबा गप्प बसला. आपण गप्प बसलो ते बसलो, हाही गप्प बसला. तिला रागही आला, हसूही आलं आणि मग रडू फुटलं. संग्रामला तर एकदम सुटल्यासारखं झालं होतं. बायकोची कंबर दुखतेय याचा कुणाला इतका आनंद होऊ नये, पण तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि तो लपवता येत नव्हता. दोघं बऱ्याच वर्षांनी एवढं बोलली.

शालनबाई मात्र बोलेना. जेवली, देवपूजा केली, पण लेकीशी शब्द नाही. पुढच्या सकाळी ओसरीवर दोनच माणसं आली, त्याच्या पुढच्या सकाळी कुणीच आलं नाही. शालनबाई रिकाम्या ओसरीवर नेहमीच्या जागी बसून राहिली. वृंदाला ते बघवत नव्हतं. ज्याची भीती होती ते सगळं झालं होतं. तिनं संग्रामला सांगितलं की शांतक बसवून टाकते, कंबर दुखायची थांबली की आई पुन्हा बोलेल आणि लोकही येतील.

मिरजेला जायच्या दिवशी शालनबाई नवं लुगडं नेसून गाडीत येऊन बसली. ‘ते यंत्र बघायचंय मला,’ एवढंच म्हणाली.

डॉक्टरांच्या खोलीत तिनं यंत्राकडे, पडद्याकडे आणि डॉक्टरांकडे सारख्याच संशयानं बघितलं. डॉक्टर मुजावरांनी दोन आठवड्यांच्या रेघा समोर मांडल्या आणि एक गोष्ट दाखवली. रोज सकाळी हाक चढत होती ती वाकताना नव्हे, वाकायच्या आधी. कंबर अजून सरळ असतानाच मेंदू घाबरून सगळी दारं सताड उघडून बसत होता. त्यांनी विचारलं की रोज सकाळी असं काय करता तुम्ही? वृंदानं खाली मान घालून पायाळूचं सगळं सांगितलं. आता डॉक्टर हसणार असं तिला वाटलं. डॉक्टर हसल्या नाहीत. “माझी नानी न्यायची मला एका पायाळूकडे,” त्या म्हणाल्या. “बेडगला.”

हे ऐकून शालनबाईला जोर चढला. तिनं स्पष्टच सांगितलं की तुमचं यंत्र खोटं बोलतं. दुखत नसलेल्या माणसालाही ते दुखतंय म्हणून सांगतं. मला लावा, म्हणजे दाखवते. माझं काही दुखत नाही, कधी दुखलं नाही, बघू काय काढतंय ते.

डॉक्टरांनी वृंदाकडे बघितलं, मग पट्टा आणला. शालनबाई ऐटीत खुर्चीवर बसली.

तांबडी रेघ उमटली. तिच्यात डोंगर नव्हते, टेकाडं नव्हती. उंचावरची एक जाड, संथ, अखंड रेघ होती. वृंदाला रेघा वाचता येत होत्या. तिला डॉक्टरांच्या आधी कळलं. असं एकाएकी होत नाही. वर्षानुवर्षं तहानलेल्या जुन्या वेलीची रेघ अशी असते.

डॉक्टर मुजावर हळूच म्हणाल्या, “आजी, ही आजची नाही. कधीपासून?”

शालनबाईनं पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. बाहेर जाता आलं असतं तर ती गेली असती. मग ती लेकीकडे न बघता म्हणाली, “ही झाली तवापासनं.”

संग्राम दाराजवळ उभा होता, तो तिथंच टेकला.

वृंदानं विचारलं की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आणि मला पाय का लावू दिला नाहीस कधी? सगळ्या तालुक्याला लावला मी.

“लावला असतास आन् थांबलं नसतं तर?” शालनबाई म्हणाली. “पायाळूच्या आईचीच कंबर दुखती म्हटल्यावर तुज्या पायाला कोण इचारलं असतं गं?”

वृंदा आईकडे बघत राहिली. ती आईसाठी गप्प होती आणि आई तिच्यासाठी. एका घरात दोघी आपापली कंबर धरून उठत होत्या आणि एकमेकींसमोर ताठ चालत होत्या. सकाळी आई अंथरुणावर बसून बराच वेळ ‘देवाचं नाव’ घेत असे. तिला उठायला बळ लागत होतं म्हणून ते नामस्मरण एवढं लांबत होतं. कसं दिसलं नाही आपल्याला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला आईची कणव आली.

“आई, पालथी झोप,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासायचं टेबल खाली घेतलं. शालनबाई कुरकुरत झोपली. वृंदानं सवयीनं भिंतीला हात टेकला आणि डावा पाय आईच्या कंबरेवर ठेवला. पहिल्यांदा फिरवला. काही नाही. दुसऱ्यांदा फिरवला, आणि निळी रेघ हलली. तिसऱ्यांदा पाय फिरेपर्यंत ती निम्म्यावर चढली होती. तांबडी रेघ खाली यायला लागली, घाई न करता.

“काय म्हणतंय डबडं?” शालनबाईनं उशीत तोंड घालूनच विचारलं.

डॉक्टर पडद्याजवळ गेल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पाय लावल्यानं मणका सरळ होत नाही, चकती आत जात नाही. पण आजींच्या मेंदूनं लगाम ओढलाय, आणि तो कुणी बाहेरून ओढलेला नाही. ज्या पायावर आपला विश्वास आहे, जे माणूस आपलं आहे, ते जवळ आलं की मेंदूला वाटतं की आता धोका नाही. मग तो स्वतःच आपलं औषध सोडतो. साध्या उसणीला एवढं पुष्कळ होतं, म्हणून तुमच्याकडची माणसं हसत घरी जातात. जुन्या दुखण्याला ते थोडा वेळ पुरतं. त्याला रोज शिकवावं लागतं. एक मात्र त्यांनी वृंदाला बजावलं. ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, पायात बळ आहे का, कुठं बधिर आहे का, लघवीचा त्रास आहे का. तसं काही असेल तर पाय लावत बसायचं नाही, सरळ इकडं धाडायचं.

शालनबाई उठून बसली. तिनं कंबर इकडं वळवली, तिकडं वळवली. तिचा चेहरा बघून संग्रामनं तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

वृंदा नमस्काराला पुढं झाली. शालनबाईनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. वाकू नगंस.”

“वाकू द्या,” डॉक्टर म्हणाल्या. “हळू. तुम्हीच धरा त्यांना, आजी.”

शालनबाईनं दोन्ही हात लेकीच्या पाठीवर ठेवले. पट्टा अजून वृंदाच्याही पाठीला होता, डॉक्टरांनी पडद्यावर तिच्या रेघा आणल्या. ती वाकायला लागली आणि वाकायच्या आधीच तांबडी रेघ चढली, रोजच्यासारखीच. पण खाली, अगदी तळाशी, निळी रेघ थोडी उचलली. फार नाही. डोकं पायाला लागलं आणि वृंदा सावकाश वर आली. दुखलं होतं. मोडलं काहीच नव्हतं.

शांतकाचं बोलणं पुन्हा निघालं नाही. वृंदानं तिसरा उपाय घेतला आणि आपल्याबरोबर आईचंही नाव घालायला सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगितलं की खात्री नाही, महिने लागतील, मध्येच वाईट दिवसही येतील. वृंदा म्हणाली की ठीक आहे. खात्रीपेक्षा मोठी गोष्ट तिला आज मिळाली होती.

सगळे गाडीत बसून परत निघाले. कवलापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. वृंदाच्या कंबरेत नेहमीचा पिळा सुरू झाला. ती नेहमीच्या सवयीनं मुकाट्यानं या बाजूवरून त्या बाजूवर सरकली आणि मनात वाक्य जुळवायला लागली. संग्राम, जरा गाडी थांबव. पुढचे दोन शब्द इतक्या वर्षांत कधी तोंडातून काढलेले नव्हते, ते ओठावर यायला वेळ लागत होता.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

“जावईबापू, गाडी थांबवा जरा. माजी कंबर दुखतीया.”

संग्रामनं गाडी बाजूला घेतली. वृंदानं वळून आईकडे बघितलं. शालनबाई काहीतरी मोठं धाडस केल्यासारखी समोर बघत बसली होती.

“माझीपण,” वृंदा म्हणाली.

दोघी खाली उतरल्या. एकमेकींचा हात धरून बागेच्या कडेकडेनं चालायला लागल्या, दोघीही किंचित वाकड्या, दोघीही पाय जपून टाकत. संग्राम गाडी हळूहळू मागून आणत होता. थोडं चालल्यावर शालनबाईनं विचारलं, “कुटं दुखतंय तुजं?” वृंदानं दाखवलं. शालनबाईनं तिथं बोटं टेकवून चाचपलं आणि म्हणाली, “माजं जरा खाली हाय.” मग तिनं आपलं नक्की कुठं दुखतं, कसं दुखतं, थंडीत किती वाढतं, ते सगळं सांगायला सुरुवात केली. तासगाव जवळ आलं तरी तिचं सांगून झालं नव्हतं.